दोन्ही हात दाखव

माझ्या सासूबद्दल चार शब्द चांगले बोलायला मला कोणी सांगू नये. रूपाबाई तिचं नाव. शिरड शहापूरच्या अलीकडे रस्त्याला लागून आमचा तांडा आहे, आणि तिथल्या प्रत्येक घराशी तिचं एकदा तरी वाजलेलं होतं. मीराबाईशी पाण्याच्या नळावरून, भावसिंग नायकाशी गोठ्याच्या जागेवरून, किराणावाल्याशी तराजूवरून, आणि माझ्याशी कशावरूनही. मी सुदामशी लग्न करून या घरात आले तेव्हा आमचा जिल्हा परभणीच होता. पुढे हिंगोली वेगळी झाली, जिल्ह्याची वाटणी झाली, आमच्या घरात मात्र चूल एकच राहिली. त्या चुलीपाशी मी तेरा वर्षं तिची बोलणी खाल्ली.

मी दहावीपर्यंत शिकलेली, म्हणून ती मला मास्तरीण म्हणायची. त्यात कौतुक नव्हतं. "मास्तरणीच्या भाकरीला पण वहीच्या पानासारखा कोपरा येतो," असं ती पाहुण्यांसमोर म्हणायची. घरात आम्ही आमची बंजारा बोली, गोरमाटी, बोलतो. इथं मी तिचं बोलणं मराठीत लिहिते आहे आणि शिव्या गाळल्या आहेत, त्यामुळे ते निम्मंच उरलं आहे.

दिसायला बाई उंच, हाडापेरानं मजबूत. आम्ही नव्या सुना साड्या नेसायला लागलो, पण तिनं घागरा आणि आरशांची काचोळी सोडली नाही. दोन्ही कानांपाशी केसांत गुंफलेल्या चांदीच्या घुगऱ्या, आणि मनगटापासून वर दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आमच्या बलिया. तिच्या आजीच्या म्हणे हस्तिदंती होत्या. हिच्या प्लास्टिकच्या होत्या, पण रुबाब हस्तिदंताचाच. आमच्यात नवरा जिवंत आहे तोवर बाईच्या हातातून बलिया उतरत नाहीत. नवरा गेला की त्या फोडतात आणि घुगऱ्या काढून घेतात. लग्नात घट्ट चढवलेली बलिया पुढं हात भरला की आणखी रुतते, आणि मग तेल लावल्याशिवाय हलतही नाही.

आमच्या तांड्यातली निम्मी माणसं विश्वंभर शेठच्या हळदीच्या कारखान्यात कामाला. कारखाना म्हणजे औंढ्याच्या रस्त्यावर एक मोठं पत्र्याचं शेड आणि त्याच्यापुढं वाळवणाचं अंगण. शेतकरी शिजवून वाळवलेली हळद आणून टाकायचे. आम्ही बाया अंगणात ती पसरायचो, निवडायचो. शेडच्या आत मोटारीवर फिरणारे लोखंडी ड्रम होते, त्यात हळकुंडं घासून चकचकीत करायची, मग पोती भरून शिवायची. आतल्या कामाला मजुरी जास्त होती आणि ते पावसाळ्यातही चालायचं. सासू आत होती, मी अंगणात, आणि माझे सासरे रामसिंग पोती वाहायचे. माल पुण्याच्या एका मोठ्या मसाल्याच्या कंपनीला जायचा आणि तिथून परदेशात. कोणत्या देशात, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

विश्वंभर शेठ दर सोमवारी नागनाथाला जाऊन यायचा. कपाळावर भस्म, बोलणं गोड, आणि बाईशी बोलताना नजर तिच्या हाताकडे, म्हणजे काम थांबलं तर नाही ना. मला तो माणूस कधीच आवडला नाही. माझ्या सासूलाही आवडत नव्हता. आमच्या दोघींचं एकमत असलेली ती एवढीच एक गोष्ट होती.

दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात मीराबाईचा हात गेला. मोटारीपासून ड्रमपर्यंत एक रबरी पट्टा फिरायचा, उघडाच. त्याच्याखाली हळकुंडं अडकली होती, ती ओढायला मीराबाई वाकली. बलिया आधी अडकली की हात आधी गेला, हे तिलाही नंतर सांगता आलं नाही. मी अंगणात होते. आतून आधी मोटारीचा आवाज बदलला आणि मग तिचा आवाज आला. नांदेडला नेलं, कोपराच्या खालून हात काढावा लागला. शेठनं गाडी दिली, दवाखान्याचं बिल भरलं आणि आल्यावर सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "बांगडीनं घात केला. तुम्हाला किती वेळा सांगितलं, मशीनपाशी दागिने नकोत." त्यानं ते एकदाही सांगितलं नव्हतं.

मीराबाईशी माझ्या सासूचं बोलणं नळाच्या भांडणापासून बंद होतं. तरी ती तिच्या घरी गेली. मला वाटलं, धीर द्यायला गेली असेल. दारातूनच तिनं सुरू केलं, "डोळे कुठं होते तुझे? चालू पट्ट्यात हात घालतात व्हय?" मीराबाई रडायला लागली. सासू तिथून निघाली ती तडक कारखान्यात. दुसरी पाळी सुरू होती. तिनं शेठला सगळ्यांसमोर विचारलं, "शेठ, बांगडी पट्ट्यापशी गेलीच काहून?"

"काहून म्हणजे? घातली होती म्हणून."

"पट्टा उघडा हाय म्हणून. पिठाच्या गिरणीत पण पट्ट्यावर जाळी असते. तुमी जाळी लावा."

"लावू," शेठ म्हणाला. आता लावतो, उद्या लावतो, असं करत वर्ष गेलं.

पुढच्या हंगामाच्या आधी कंपनीचं नवीन फर्मान आलं. मशीनवर काम करणाऱ्या बाईच्या अंगावर दागिना नको, बांगडी नको. शेडच्या दारावर पाटी लागली: ‘येथे कामगारांच्या हक्कांचा व सुरक्षिततेचा आदर केला जातो.’ मी ती मोठ्यानं वाचून दाखवली. सासू म्हणाली, "कुठं?"

मला विचाराल तर नियमात चूक काही नव्हती. फिरत्या मशीनपाशी बांगडी नकोच. पण जाळी नाही आणि बांगडी पण नाही, म्हणजे जे सांभाळायचं ते बाईनं सांभाळायचं, पट्टा आपला मोकळाच. तांड्याच्या प्रमुखानं, म्हणजे नायकानं, बैठक घेतली. भावसिंग नायक म्हणाला, "नवरा जिवंत असताना बाई बलिया उतरवत न्हाई. कंपनीचा हुकूम कंपनीत." झालं. शेठला काही फरक पडला नाही. त्यानं आजूबाजूच्या तांड्यांतून विधवा बाया शोधून आणल्या. त्यांचे हात उघडेच होते. लवकरच त्यालाच ते आवडायला लागलं. कंपनीचा एक माणूस फोटो काढून गेला, आणि शेठ ज्याला त्याला सांगत सुटला की मी निराधार बायकांना काम देतो. माणूस मेल्याशिवाय त्याच्या बायकोला काम नाही, असा त्याचा खरा अर्थ. पण तो फोटोत कसा येणार?

मग त्यानं आणखी एक टूम काढली. ज्या घरातली एक बाई आत येणार नाही, त्या घराला अंगणातलं काम पण मिळणार नाही. आमच्या घरातून आत कोण, हा प्रश्न आला. मी म्हणाले, मी जाते. माझ्या काचेच्या बांगड्या, काढल्या काय आणि घातल्या काय, मला त्याचं एवढं वाटत नव्हतं. सासूनं हातातली परात आपटली.

"तू न्हाई. तुझा नवरा तरणा हाय. माझ्या म्हाताऱ्याचं काय राहिलं आता?"

माझे सासरे तिथंच बिडी ओढत बसले होते. "मी हितंच हाय," ते म्हणाले.

"हाय तर राहा. कोण काढून राहिलं तुमाला?"

त्या संध्याकाळी तिनं तेल घेतलं आणि एकेक बलिया ओढून काढली. मी मदतीला गेले तर मला ढकललं. कातडी सोलून निघाली, पण एकही फोडली नाही. "फोडल्या न्हाईत, काढल्यात," असं ती नंतर तांडाभर सांगत फिरली. तिच्या हिशेबी यात फार मोठा फरक होता. तांड्याच्या हिशेबी काही फरक नव्हता. बलियांच्या खालचे हात आम्ही कोणी कधी पाहिले नव्हते. ते पांढरेफटक होते, आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. घुगऱ्या मात्र तिनं काढल्या नाहीत. ओढणी पुढं ओढून ती त्या झाकायची. शेठला माहीत होतं. त्यानं तिला बजावलं होतं, "कोणी विचारलं तर नवरा नाही म्हणायचं." आणि तोच नवरा दिवसभर त्याच शेडमध्ये तिच्यासमोरून पोती घेऊन जात होता.

सासऱ्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. तांड्यानं काही उघड टाकलं नाही, पण सवाष्णींच्या कामाला तिला कोणी बोलावेना. तिनं दोन बारशांवरून दोन घरांत भांडणं केली. बोलावणं आलं नाही ते नाहीच.

त्याच वर्षी माझ्या नणंदेचं, निलमचं, लग्न होतं. तिची एकुलती एक लेक. हळदीच्या दिवशी पाटावर निलम बसलेली, वाटीत हळद कालवलेली. ती हळद सासूनंच कारखान्यातून कमरेच्या पिशवीत लपवून आणलेली होती. चोरायची ती, मी काही तिला संत म्हणणार नाही. तिनं वाटीत बोटं घातली तशी नायकाची बायको म्हणाली, "रूपाबाई, तू नको. हात उघडे हायत तुझे."

"माझा नवरा मांडवात बसलाय. दिसंना का तुला?"

"दिसतो. पण तू कामावर त्याला मेला म्हणतीस ना? मंग पोरीला कशी लावतीस?"

मी सासऱ्यांकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली. ती भांडेल, मांडव डोक्यावर घेईल, असं मला वाटलं. ती भांडली नाही. बोटं घागऱ्याला पुसली आणि आत गेली. निलमला हळद मी लावली. सासूचं रडणं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं आणि मला इतका संताप आला होता की निलमच्या गालावर मी हळद जवळजवळ घासलीच. राग नायकाच्या बायकोचा होता, शेठचा होता, त्या पाटीचा होता, आणि खाली मान घालणाऱ्या सासऱ्यांचा तर सगळ्यांत जास्त.

लग्न झाल्यावर ती कामावर गेली तेव्हा कमरेच्या पिशवीत काहीतरी होतं. मी दुपारी आत भाकरी द्यायला गेले. ती पोत्याचं तोंड दाभणानं शिवत होती. मला बघितलं, पिशवीतून एक बलिया काढली, पोत्यात हळदीत कोपरापर्यंत हात घालून ठेवली आणि पुन्हा शिवायला लागली.

"याडी," मी म्हणाले, आमच्यात आईला याडी म्हणतात, "हे काय करून राहिलीस? माल कंपनीत जातो."

"म्हणूनच."

घरी येताना तिनं सांगितलं. तिची आजी बैलांवर मीठ आणि धान्य वाहणाऱ्या तांड्यातली. त्या काळात वाटेत एखादी बाई मेली तर तिची बलिया तिच्या माहेराकडे जाणाऱ्या मालाच्या गोणीत टाकायचे म्हणे. गोणी उघडली की तिकडच्या बायांना कळायचं, आपली लेक गेली. खरं-खोटं तिची आजीच जाणे, मी दुसऱ्या कोणाच्या तोंडून हे कधी ऐकलं नाही.

"तिकडं कोणती तरी बाई पोतं उघडंल," सासू म्हणाली. "बाईला बराबर कळंल, इकडं एक बाई जिती मेलीय."

मला हसावं की कपाळ बडवावं कळेना. तिला वाटत होतं, तिकडं परदेशात कोणी बाई अंगणात बसून पोतं उसवणार आहे. तिकडं मशीन होतं. मशीनला हळदीत बाहेरची वस्तू सापडली म्हणून त्यांनी सगळा माल बाजूला काढला.

महिनाभरानं दोन पांढऱ्या गाड्या न सांगता अंगणात येऊन उभ्या राहिल्या. एरवी कंपनीची माणसं यायची तेव्हा आदल्या दिवशी निरोप असायचा आणि आम्हाला, म्हणजे बांगड्यावाल्यांना, सुट्टी मिळायची. त्या दिवशी आम्ही सगळ्या तिथंच होतो आणि ड्रम चालू होता. पुण्याची एक मॅडम उतरली, चष्मा, डोक्यावर रुमाल. बरोबर दोन साहेब. मॅडमच्या हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत पिवळी पडलेली बलिया.

शेठ धावत आला. "मॅडम, आमच्याकडची नाही. आत सगळ्या विधवा महिला आहेत, बांगडीचा प्रश्नच येत नाही."

"पोत्यावर नाव तुमचंच आहे," मॅडम म्हणाली. तिनं बायांना ओळीत उभं केलं आणि पिशवी उंच धरली. "ही कुणाची?"

सासू पुढं झाली. "माझी हाय."

"तुमची? तुम्ही बांगड्या घालता? तुम्हाला तर मिस्टर नाहीत ना?"

सासूनं डोक्यावरची ओढणी मागं सारली. दोन्ही घुगऱ्या उघड्या पडल्या. मॅडमला त्या कशाच्या खुणा आहेत ते कळलं नाही, पण शेठला कळलं. तेवढ्यात सासरे पाठीवर पोतं घेऊन दारातून बाहेर येत होते.

"तो बगा," सासू बोट दाखवून म्हणाली. "तो माझा मेलेला नवरा. पोतं घेऊन चाललाय."

सासऱ्यांनी पोतं खाली टाकलं. मी देवाचं नाव घेतलं, कारण मला वाटलं आता हा माणूस पुन्हा मान खाली घालणार. ते सरळ मॅडमसमोर येऊन उभे राहिले.

"मी रामसिंग. हिचा नवरा. ह्यांनी मला मारला, आन् मी पोटासाठी मेलो. आज सांगून राहिलो, मी जिता हाय."

शेठ हसायला गेला, पण ते त्याला जमलं नाही. "अडाणी माणसं आहेत, मॅडम. कामासाठी खोटं बोलतात."

"व्हय, खोटं बोलले," सासू ओरडली. "तुमी बोलायला लावलं ते. आन् तुमी, बाई! एक बांगडी सापडली तर दोन गाड्या घिऊन आलात. मीराबाईचा हात गेला तवा कोण आलं होतं? एक तरी सायकल आली होती का?"

"कोणाचा हात?" मॅडमनं विचारलं.

तिला माहीतच नव्हतं. शेठ म्हणाला, तो हात तिच्या घरी गेला, कडबा तोडायच्या मशीनमध्ये. इतकं धडधडीत खोटं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. अंगणातल्या बाया, ज्यांच्यातल्या निम्म्यांचं माझ्या सासूशी बोलणं नव्हतं, त्या एकदम ओरडायला लागल्या. मॅडम कोणाचं न ऐकता शेडमध्ये शिरली. पट्टा उघडाच फिरत होता.

"मागच्या वेळी मशीन बंद होतं, वर ताडपत्री होती," ती साहेबाला म्हणाली. मग शेठकडे वळली. "आम्ही बांगड्यांच्या नियमाआधी जाळी लावा असं लिहिलं होतं. तुम्ही लावली म्हणून कळवलं होतं."

"ताडपत्री उचलायला काय हात दुखत होते?" माझी सासू म्हणाली. मॅडमचा चेहरा लाल झाला. तिनं स्वतःचं कार्ड काढून मला दिलं, कारण मी वाचू शकते असं कोणीतरी सांगितलं होतं. गाड्या गेल्या.

आणि मग कंपनीनं काय केलं? शेठकडून माल घेणं बंद केलं. संपलं त्यांचं काम. ड्रम थांबले, अंगण रिकामं झालं, आणि सगळा तांडा आमच्या दारात. "तुझ्या एका बांगडीपायी आमची लेकरं उपाशी," असं नायकाची बायको म्हणाली. विधवा बाया सगळ्यांत जास्त चिडल्या होत्या, आणि त्यांचं काय चुकलं? त्यांना तर दुसरं कोणी कामावर घेत नव्हतं. आमच्या दारावर शेण फेकलं कोणीतरी. मीराबाई आपला आखूड हात पदराखाली धरून आली आणि म्हणाली, "माझा हात मधी घालायला तुला सांगितलं कुणी?" सासूनं त्या एकीला उलट उत्तर दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं मला उठवलं. "मास्तरणी, ते कार्ड काढ." आम्ही दोघी शिरड शहापूरच्या एसटीडी बूथवर गेलो. मी नंबर फिरवला, मॅडम लागली, आणि सासूनं रिसीव्हर माझ्या हातातून हिसकावला. तिला वाटायचं पुणं लांब आहे म्हणून ओरडावं लागतं. बूथबाहेर माणसं जमली.

"चूक शेठची, तुमची, आन् उपाशी आमी काहून?"

मॅडम काहीतरी समजावत असावी, चौकशी चालू आहे वगैरे.

"चौकशी ठिवा चुलीत. माल बंद केला की तुमी निसटलात. पट्टा तितंच हाय. उद्या तो दुसऱ्या कोणाचा माल फिरवंल आन् दुसऱ्या बाईचा हात घेईल. मंग तुमी आलात कशाला? बांगडी न्यायला? येवढा आमच्या हळदीवर पैसा कमवला, आन् आता तकलीफ झाली की तोंड फिरवता व्हय? हितं या. जाळी लावून घ्या. मंग माल घ्या."

तिनं रिसीव्हर आपटला आणि बूथवाल्यालाही सुनावलं, की तुझा फोन नीट ऐकू येत नाही.

मॅडम आली. बरेच दिवसांनी आली, पण आली, आणि या वेळी कारखान्याच्या आधी तांड्यात आली. आमच्या ओट्यावर बसून तिनं बायांना विचारलं, तुम्हाला काय पाहिजे? असं आम्हाला कोणी कधी विचारलं नव्हतं, त्यामुळे आधी कोणाला बोलताच येईना, आणि मग कोणी गप्प बसेना. शेवटी ठरलं ते असं. पट्ट्यावर लोखंडी जाळी बसेल. जाळी उघडली की मोटार बंद. बलिया कोणी काढायच्या नाहीत, त्यांच्यावरून दंडापर्यंत घट्ट कापडी बाही बांधायची. विधवा बायांचं काम काढायचं नाही. मीराबाईला हाताचे पैसे मिळतील. ते मिळाले. किती ते मी सांगत नाही, हाताचा भाव करायची माझी इच्छा नाही. मॅडम निघताना सासूला म्हणाली, "आमचं चुकलं." सासू म्हणाली, "व्हय." पाणी मात्र तिनं मॅडमला विचारलं नाही, ते मी दिलं.

जाळी बसली. मी स्वतः हात लावून बघितली. ड्रम सुरू झाले, बायांना कामावर नेणारा शेठचा टेम्पो पुन्हा तांड्याच्या फाट्यावर यायला लागला. रूपाबाईलाही परत घ्या, असं मॅडमनं शेठला बजावलं होतं, आणि शेठनं मान डोलावली होती. पण रोज सकाळी टेम्पोवाला तिला सांगायचा, आज जागा नाही. मी मॅडमला फोन केला. मॅडमनं शेठला विचारलं. शेठनं सांगितलं, म्हातारीला झेपत नाही, तिनंच सोडलं. मॅडमनं ते खरं धरलं. या बाबतीत मी तिला माफ केलेलं नाही. ओट्यावर येऊन बसायला एकदा जमतं, रोज कोणाला घेतात आणि कोणाला नाही ते बघायला परत कोणी येत नाही.

सासूनं बलिया पुन्हा चढवल्या. एक कंपनीनं ठेवून घेतली होती, ती कधी परत आली नाही, आणि तिच्या जागी दुसरी घालायला ती तयार नव्हती. डाव्या दंडावर तेवढी एक फट दिसायची. सासरे तिच्याशी बोलायला लागले, म्हणजे भांडायला लागले. नायकाच्या बायकोनं सवाष्ण म्हणून बोलावणं पाठवलं. ती गेली नाही.

आणि तिनं नवीनच त्रास सुरू केला. संध्याकाळी आमचा टेम्पो फाट्यावर थांबला की ती तिथं काठी घेऊन उभी. एकेकीनं खाली उतरायच्या आधी हात वर करायचे. "दोन्ही दाखव!" ती ओरडायची. "बाही वर कर. बोटं पसर." बाया दमलेल्या असायच्या, घरी लेकरं वाट बघत असायची, आणि ही वाट अडवून उभी. शिव्या व्हायच्या. एकदा नायकाच्या बायकोनं हात वर केले नाहीत, तर हिनं तिच्या पायरीपुढं काठी आडवी धरली. पावसात, थंडीत, ताप असला तरी. मी किती वेळा म्हणाले, "याडी, जाळी बसलीय, आता पुरे." ती म्हणायची, "जाळी उद्या कोणी काढंल. तू दाखव आधी." सगळ्यांत आधी मला दाखवायला लावायची. मला त्याचा इतका राग यायचा की मी हात तिच्या नाकासमोर धरायची.

मागच्या वर्षी ती गेली. सासऱ्यांच्या आधी गेली, बलिया हातात असताना, घुगऱ्या केसांत असताना, जशी तिला पाहिजे होतं तशी. तिला हळद लावायची वेळ आली तेव्हा कोण लावणार यावरून बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मीराबाईनं कोणाला न विचारता वाटी ओढली आणि एका हातानं तिच्या दोन्ही हातांना लावली. त्या फटीतही लावली.

सुतक फिटल्यावर मी कामावर गेले. संध्याकाळी टेम्पो फाट्यावर थांबला. तिथं कोणी उभं नव्हतं. मी फळीवर पाय ठेवला आणि मला उतरताच येईना. माझ्या मागून नायकाची बायको खेकसली, "ए शिले, वाट अडवून काय उभी हाईस? दाखव अन् उतर."

मी दोन्ही हात वर केले. माझ्या मागं टेम्पोत सगळ्यांचे हात वर होते, आणि त्या म्हातारीला शिव्या देत एकेक बाई खाली उतरत होती.